नाताळची चांदणी, पऱ्हाटीचे झाड, तुराट्यांची गव्हाण आणि भेटींची बांधणी: जालन्यातील कामाच्या नोंदी

शनिवार, १५ नोव्हेंबर

काम चार भागांत वाटले. गच्चीवरची मोठी चांदणी, बैठकीतले झाड, कोनाड्यासमोरची गव्हाण आणि शेवटी भेटवस्तूंची बांधणी. क्रमही हाच राहील. चांदणी आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या चार रविवारांचा काळ) पहिल्या रविवारी, म्हणजे ३० नोव्हेंबरला वर चढली पाहिजे, म्हणून ती आधी. भेटी अगदी शेवटी, कारण त्यांतल्या निम्म्या फराळाच्या आहेत.

एक गोष्ट सुरुवातीलाच ठरली. थर्माकोलचा बर्फ आणि प्लॅस्टिकचे झाड आणायचे नाही. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, पण कारण तेवढेच नाही. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले ते एकोणिसाव्या शतकात. इथला नाताळ तेव्हापासून इथलाच आहे, त्याला करंज्या-अनारशांचा फराळ आहे. डिसेंबरात आपल्याकडे पांढरे काय असते, तर शेतातला कापूस. मग पांढरे तेच वापरू. बाकी सामानही शक्यतो शेताचे: पऱ्हाटी म्हणजे कापसाचे झाड, तुराटी म्हणजे तुरीची वाळलेली काडी, कडबा म्हणजे ज्वारीची वाळली ताटे, आणि माती.

विकत आणायचे सामान: पतंगाचा कागद ७ ताव (२ लाल, ५ पांढरे), मैदा, मोरचूद (कॉपर सल्फेट) अगदी थोडा, जाड दोरा, सुतळीचे दोन गुंडे, खाकी कागद, दुहेरी चिकटपट्टी, ५ वॅटचा एलईडी दिवा आणि होल्डर. पतंगाचा कागद आत्ताच घ्यावा. संक्रांतीचा माल नुकताच आलेला असतो, ताव कोरे आणि बिनघडीचे मिळतात. डिसेंबरअखेर मिळतो तो घड्या पडलेला, आणि घडीवर हा कागद हमखास फाटतो.

रविवार, १६ नोव्हेंबर

बुरुडाकडून वेळूच्या कामट्या आणल्या. ९० सेंमी लांब, दीड सेंमी रुंद, ३ ते ४ मिमी जाड. चांदणीला १० लागतात, १२ घेतल्या. शिवाय १८ सेंमीचे ५ तुकडे, हे थोडे जाड चालतात. पुढची आणि मागची चांदणी एकमेकींपासून दूर ठेवायचे काम त्यांचे.

कामट्या निवडताना दोन गोष्टी पाहिल्या. पहिली, पेर कुठे येते. कामटीच्या टोकापासून ३४ सेंमीच्या आसपास पेर असेल तर ती बाजूला ठेवली, कारण तिथेच दुसरी कामटी आडवी जाते, तिथेच वाक येतो आणि पेरावर कामटी मोडते. दुसरी, सगळ्यांचा लवचिकपणा सारखा आहे का. प्रत्येक कामटी दोन विटांवर आडवी ठेवून मधोमध पाण्याने भरलेली लिटरची बाटली टांगली. दहा कामट्या जवळपास सारख्याच वाकल्या. एक फारच ताठ निघाली, एक लिबलिबीत. त्या दोन्ही बाद केल्या. ही चाचणी टाळली तर चांदणी एका बाजूला फुगते आणि मग कितीही ताण दिला तरी सरळ होत नाही.

रात्री कामट्या तीन तास पाण्यात ठेवल्या.

गुरुवार, २० नोव्हेंबर

सांगाडा उभा झाला. पाच कामट्यांची एक चांदणी, अशा दोन. प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांपासून ३४.४ सेंमीवर पेन्सिलीची खूण केली. पाचकोनी चांदणीत प्रत्येक काठी दुसऱ्या दोघींना याच जागी छेदते, मधला तुकडा २१.२ सेंमी उरतो. लांबी वेगळी असेल तर लांबीला ०.३८२ ने गुणावे, खूण मिळते. अंदाजाने बांधले की एक टोक आखूड आणि एक लांब होते, आणि रात्री आत दिवा लागला की ते लांबूनही कळते.

विणताना प्रत्येक कामटी एकीच्या वरून, दुसरीच्या खालून. सालपटाची गुळगुळीत बाजू बाहेर ठेवली. टोके दोऱ्याने आठ वेढे देऊन बांधली, गाठीवर फेविकॉलचा थेंब. बांधायला तार वापरली नाही. तारेचे टोक कागद फाडते, आणि खळीच्या ओलाव्याने ती गंजली की कागदावर तांबडे डाग उतरतात.

दोन्ही चांदण्या एकीवर एक ठेवून पाचही टोके एकत्र बांधली. मग आतल्या पाच छेदांवर १८ सेंमीचे तुकडे उभे बसवले. हे एका ओळीने करू नये. पहिला बसवला की त्याच्या समोरचा, मग उरलेले. शेजारी-शेजारी बसवत गेलो तर शेवटच्या तुकड्याला जागाच उरत नाही आणि जोर लावला की कामटी फुटते. आज चौथ्या तुकड्याला एक कामटी तडकली. कारण साधे होते: रविवारी भिजवलेल्या कामट्या चार दिवसांत पार वाळल्या होत्या. इथल्या कोरड्या हवेत दुसरे काय होणार? छेदाच्या जागी ओले फडके अर्धा तास गुंडाळून ठेवले, तडकलेल्या जागी दोरा आवळून भरला, पुढचे तुकडे निमूट बसले. सांगाडा बांधायचा त्याच दिवशी कामट्या भिजवाव्यात.

शनिवार, २२ नोव्हेंबर

खळ. मैदा ४ मोठे चमचे, आधी गार पाण्यात भज्याच्या पिठाइतका सैल कालवला, मग ४०० मिली उकळत्या पाण्यात धार धरून ओतला आणि मंद आचेवर ढवळत राहिलो. पांढरेपणा जाऊन काचेसारखी झाक आली की उतरवायची. मैदा थेट गरम पाण्यात टाकला तर गुठळ्या होतात आणि प्रत्येक गुठळी कागदावर फोडासारखी दिसते.

खळ गार झाल्यावर हरभऱ्याएवढा मोरचूद पाण्यात विरघळवून घातला. याने कसर लागत नाही, खळ आंबत नाही, उंदीरही तोंड लावत नाहीत. मोरचूद विषारी आहे, म्हणून बोळके वेगळे, काडी वेगळी आणि काम झाल्यावर हात साबणाने. ॲल्युमिनियमच्या भांड्यात ही खळ ठेवू नये. मोरचूद ॲल्युमिनियमला खातो, भांड्याला खड्डे पडतात आणि खळ काळपट होते. मातीचे बोळके उत्तम.

कागदाचा हिशेब असा. पुढची पाच टोके, मागची पाच, म्हणजे मोठे त्रिकोण १०. बाजूचे अरुंद त्रिकोण १०. मधले पंचकोन २. मोठा त्रिकोण कागदावर सुमारे २५ सेंमी पाया आणि ३७ सेंमी उंची, चिकटवायची पट्टी धरून. ५१ बाय ७६ सेंमीच्या तावातून एक सुलटा एक उलटा असे मांडून सहा निघतात, म्हणून मोठ्यांना २ ताव. अरुंदांना २. पंचकोन दोन्ही मिळून १ तावात. पाच तावांचे काम, दोन ताव शिल्लक. ते दोन किती उपयोगी पडले हे उद्याच्या नोंदीत आहे.

मापे कितीही बरोबर असली तरी कागद सरळ कापत सुटू नये. आधी वर्तमानपत्राचा तुकडा सांगाड्यावर धरून नमुना काढावा. वाक आल्यामुळे टोके आत ओढली जातात आणि बाजूचे त्रिकोण कागदावरच्या मापापेक्षा थोडे वेगळे निघतात. आमच्या सांगाड्यात दोन टोकांना ६ ते ७ मिमीचा फरक होता.

मोठे त्रिकोण लाल, बाजूचे आणि मधले पांढरे. खळ कामटीला लावावी, कागदाला नाही. ओला झालेला पतंगाचा कागद उचलतानाच तुटतो. मागचा पंचकोन फक्त वरच्या कडेला चिकटवला, म्हणजे तो दारासारखा उघडतो आणि दिवा बदलता येतो. खालच्या दोन टोकांना रुपयाएवढे भोक ठेवले. वारा आत शिरून बाहेर पडायला वाट लागते.

रविवार, २३ नोव्हेंबर

कागद वाळल्यावर जरा सैल दिसतो. त्यावर पाणी शिंपडले की तो ताणून बसतो, ढोलकीच्या पानासारखा. हे खरे आहे आणि करायलाच हवे. पण लाल कागदाचा रंग कच्चा निघाला. फवाऱ्याने पाणी मारताच लाल रंग कडेने उतरला आणि तीन पांढरे त्रिकोण गुलाबी झाले, मधल्या पंचकोनावर ओघळ आला. चारही तुकडे काढून शिल्लक तावांतून नवे लावावे लागले.

दुरुस्तीची पद्धत: पांढऱ्या तुकड्यांवर पाणी मारलेच नाही, घट्ट पिळलेले फडके नुसते वरून फिरवले. लाल तुकड्यांवरही तेच, पण कडेपासून दोन बोटे आत. तेवढ्यानेही कागद ताणला गेला. पुढच्या वेळी दुकानातच कागदाचा कोपरा ओल्या बोटाने चोळून पाहायचा. बोट लाल झाले तर तो ताव पांढऱ्याच्या शेजारी लावू नये.

शनिवार, २९ नोव्हेंबर

आगमनकाळाचे मेणबत्तीचक्र. पितळी परातीत तीन बोटे वाळू, त्यात चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची एक गुलाबी. मध्ये पांढरी, ती नाताळची. वाळूत उभ्या केल्याने मेण ओघळून खाली पोचत नाही आणि मेणबत्ती कलत नाही. हिरवाईला मोरपंखीच्या डहाळ्या, वाळूवर थोडे पाणी शिंपडून खोचलेल्या. डहाळी ज्योतीच्या खाली आणि किमान चार बोटे दूर. आठवड्यात मोरपंखी कुरकुरीत वाळते, मग ती चुलीतल्या काटक्यांइतकीच सहज पेटते. दर आठवड्याला बदलायची.

रविवार, ३० नोव्हेंबर

चांदणी चढवली. गच्चीवर वीस फुटी बांबू कठड्याला तीन जागी बांधला. बांबूची जागा निवडताना नियम एकच: तो सुटून कुठल्याही बाजूला आडवा झाला तरी रस्त्यावरच्या विजेच्या तारेला लागता कामा नये. मागच्या गल्लीच्या बाजूने तेवढी जागा नव्हती, म्हणून पुढचा कोपरा.

टांगायचा दोरा दोन्ही सांगाड्यांतून ओवला, एकट्या पुढच्या चांदणीला बांधला तर ती पुढे झुकते. खालच्या दोन टोकांना सुतळीचे ताण दिले, ते कठड्याला सैलसर बांधले. अगदी कडक ताण दिला तर वाऱ्याच्या झोताला कागद फाटतो. चांदणीला थोडे हलू द्यावे.

दिवा ५ वॅटचा, पिवळसर प्रकाशाचा. पूर्वी ६० वॅटचा पिवळा बल्ब लावत, त्याने कागद करपत असे. वायर होल्डरपासून आधी खाली सोडून मग वर नेली. पहाटेचे दव वायरवरून घरंगळते ते त्या खालच्या वळणावरून टपकते, होल्डरमध्ये शिरत नाही. दिवा बंद केल्यावरही अंधुक पेटलेला दिसला. टेस्टरने पाहिले तर बटण न्यूट्रलवर होते, फेज सरळ दिव्यापर्यंत जात होता. असे बटण बंद असले तरी होल्डरला हात लावणे धोक्याचे. वायरमनकडून जोडणी बदलून घेतली, ते अंधुक पेटणे थांबले.

बुधवार, ३ डिसेंबर

पऱ्हाट्या आणल्या. वेचणी जवळपास उरकलेल्या शेतातून, मुळासकट उपटलेल्या पाच. त्यांतल्या तीन वापरू. निवड अशी: उंची चार ते साडेचार फूट, फांद्या खालपासून फुटलेल्या, बोंडे पूर्ण उमललेली. चांगले उमललेले बोंड चार किंवा पाच पाकळ्यांचे असते, कापूस बाहेर लोंबतो, पण सुटत नाही. शेतमालकाला आधीच सांगून दहा-बारा बोंडे प्रत्येक झाडावर राखून घेतली होती. आयत्या वेळी गेलो तर झाडावर फक्त कवडी उरते.

ही कवडीच खरी अडचण. अर्धवट उघडलेले, डागाळलेले, कडक बोंड म्हणजे आत बहुधा शेंदरी बोंडअळी. ती दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या पोकळीत झोपून राहते. उबदार घरात असे बोंड टांगले की अळी बाहेर येते, आणि पाहुण्यांसमोर गुलाबी अळी सतरंजीवर चालताना दिसते. प्रत्येक बोंड बोटांनी दाबून पाहिले. मऊ लागले ते ठेवले, आत खडा लागला ते तोडून जाळले. पाच झाडांवरून ओंजळभर निघाली.

मग झाडे पांढऱ्या जुन्या चादरीवर आडवी करून काठीने हलकेच बडवली आणि दिवसभर उन्हात उलटी-पालटी केली. चादर पांढरीच हवी, त्यावर काय पडते ते दिसते. संध्याकाळी दोन अळ्या, बरेचसे कोळी आणि वाळलेला पाला. उद्या आणि परवा पुन्हा हेच.

शनिवार, ६ डिसेंबर

झाड उभे केले. तीन पऱ्हाट्यांची खोडे एकत्र धरून सुतळीने तीन जागी आवळली: मुळाच्या वर, एक फुटावर, दोन फुटांवर. उरलेल्या दोन झाडांच्या फांद्या मोकळ्या जागी खोचल्या. पऱ्हाटीच्या फांद्या वरच्या बाजूला दाट आणि खाली विरळ असतात, त्यामुळे झाड छत्रीसारखे दिसते. ते नीट करायचा उपाय म्हणजे एक पऱ्हाटी अर्ध्या फुटाने खाली धरणे आणि वरचा शेंडा कापून त्याच्या काड्या खालच्या वेढ्यात बसवणे.

दहा लिटरची बादली, तळाशी दगड, मग मुरूम आणि वाळू कुटून. प्लास्टर ऑफ पॅरिस ओतणारे पुष्कळ आहेत. ते भरताना लवकर आवळते खरे, पण बसताना फुगते, मातीची कुंडी असेल तर तडा जातो आणि नंतर झाड निघत नाही. वाळू-मुरुमाने बादली पंधरा किलोच्या आसपास झाली, झाड हलत नाही. बादलीला जुन्या लुगड्याचे हिरवे धडपे गुंडाळले.

खोडांना रंग किंवा तेल काही लावले नाही. पऱ्हाटीचा तपकिरी-लालसर रंग आणि कापसाचा पांढरा, दोन्ही एकमेकांना शोभतात. चुना लावून पाहिला एका काडीवर, तो वाळल्यावर पापुद्रे सुटून कापसावर पडला.

टांगायला: कागदाच्या लहान चांदण्या (चांदणीच्या कापलेल्या कडांतून २३ निघाल्या), पितळी घुंगरे, वाळलेली संत्र्याची चकती. चकत्या अर्धा सेंमी जाड, पुसून कोरड्या केलेल्या, जाळीवर उन्हात पाच दिवस. पातळ कापल्या तर कागदासारख्या वळतात, जाड कापल्या तर मधे बुरशी धरतात.

रविवार, ७ डिसेंबर

आगमनकाळाचा दुसरा रविवार. मोरपंखी बदलली. चांदणीच्या डाव्या टोकाला चिमणीने चोच मारली, रुपयाएवढे ठिगळ लावले.

सोमवार, ८ डिसेंबर

झाडासाठी लाईटची माळ. कापूस लगेच पेट घेतो हे इथे कुणाला सांगायला नको, त्यामुळे २३० व्होल्टची स्वस्त माळ झाडावर नाही म्हणजे नाही. तिची वायर दोऱ्याएवढी बारीक, आवरण पातळ, आणि सोललेल्या जागी ठिणगी उडते. झाडावर मोबाईलच्या चार्जरवर चालणारी ५ व्होल्टची, दहा मीटरची माळ लावली. लाईट गेली तर ती पॉवर बँकेवर चालते, हा आणखी एक फायदा. २३० व्होल्टची माळ फक्त ओसरीच्या लोखंडी जाळीवर, तीही रबरी पट्टीवरून आणि हाताच्या अंतराबाहेर.

माळ लावण्याआधी गुंडाळी पूर्ण उलगडून जमिनीवर तासभर चालू ठेवली. गुंडाळलेली माळ चालू ठेवली तर मध्यभागी ऊब साठते. ओसरीच्या जुन्या माळेचा अर्धा भाग पेटेना. अशा माळेत दिवे गटागटाने एकसरीत जोडलेले असतात. एक दिवा सुटला की त्याचा सगळा गट जातो, दुसरा गट पेटत राहतो. प्लग काढून विझलेल्या भागातला एकेक दिवा दाबून पाहिला, सतरावा सैल निघाला.

शनिवार, १३ डिसेंबर

आजपासून गव्हाण. सगळ्यात जास्त वेळ इथे जाणार, आणि तो द्यावा.

दुकानात मिळणाऱ्या देखाव्यात झोपडी असते, गवताचे छप्पर असते, वर बर्फ असतो. पण गव्हाण कुठे असते? लूकच्या शुभवर्तमानात बाळाला गव्हाणीत ठेवले आहे, झोपडीत नव्हे. गव्हाण म्हणजे जनावरांना वैरण टाकायची जागा, आपल्या गोठ्यात भिंतीला लागून असते ती. मराठी वाचकाला तो शब्द समजावून सांगावा लागत नाही. मग देखाव्यात ती नीट दिसली पाहिजे, बाकी गोठा तिच्यासाठी. १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावात संत फ्रान्सिसने पहिला देखावा मांडला तो खऱ्या गवताने भरलेली गव्हाण, बैल आणि गाढव आणून. तिथले गवत, तिथला बैल. तोच धागा धरून इथे मराठवाड्याचा गोठा करत आहोत.

गोठ्याची मापे: रुंदी ६०, खोली ४०, मागची भिंत ४५ सेंमी. भिंती कुडाच्या. गेल्या वर्षीच्या तुराट्या घेतल्या (यंदाची तूर अजून शेतात उभी आहे), करंगळीपेक्षा बारीक, ७-८ मिमी जाडीच्या. मागच्या भिंतीला ७८, दोन बाजूंना मिळून १०४ लागल्या. सुतळीचे दोन पेड करून प्रत्येक तुराटी त्यांच्या पिळात धरली: तळापासून चार बोटांवर, मध्ये आणि वर. तुराटी एकदा मुळाकडचे टोक खाली, एकदा वर, अशी आलटून पालटून लावावी, नाहीतर कूड एका बाजूला पंख्यासारखा पसरतो.

लिंपण. आधी काळ्या मातीचा तळहाताएवढा नमुना लावून पाहिला. सकाळी त्याला बोट जाईल एवढ्या भेगा होत्या. काळी माती ओली फुगते, वाळताना आकसते, उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात त्याच कारणाने. गावठाणातली पांढरी माती घेतली, जुन्या वाड्यांच्या भिंतींची असते ती. पांढरी दोन वाटे, शेण एक वाटा, चाळलेला गव्हाचा भुसा अर्धा वाटा. हे मिश्रण रात्रभर मुरू दिले.

रविवार, १४ डिसेंबर

सकाळी लिंपण. हात ओला करून खालून वर, जाडी जेमतेम अर्धा सेंमी. कूड आतून थोडा उघडा राहिला तर चांगलेच दिसते, कोपऱ्यात मुद्दाम तुराट्या उघड्या ठेवल्या. सावलीत वाळवायचे. गेल्या खेपेला उन्हात ठेवलेली भिंत एका बाजूने आकसून धनुष्यासारखी वाकली होती.

गव्हाण त्याच मातीची, वेगळी घडवली: १६ सेंमी लांब, ९ रुंद, ७ उंच, काठ दोन सेंमी जाड. आत पोकळी चमच्याने कोरली. पुढच्या काठाला मध्यभागी किंचित खोलगट केले, जनावरांच्या मानेने वर्षानुवर्षे घासून खऱ्या गव्हाणीचा काठ तसाच गुळगुळीत झालेला असतो. ओल्या बोटाने ती घसट आणली.

दाव्याचे खुंटेही हवेत. बाभळीच्या दोन काड्या गव्हाणीच्या शेजारी रोवल्या.

बुधवार, १७ डिसेंबर

भिंती वाळल्या. दोन बारीक भेगा, त्या पातळ मातीच्या पोताऱ्याने बुजल्या. छपराला कडब्याची पाने, तुराट्यांच्या तीन आडव्या वाशांवर. छप्पर मागच्या निम्म्या भागावरच घातले, पुढचा भाग उघडा. वरून उजेड थेट गव्हाणीवर पडतो. आतल्या दिव्याची सोय करावी लागली नाही, आणि वाळक्या वैरणीशेजारी वायर न्यावी लागली नाही.

बैल पोळ्याचे. श्रावणी अमावास्येला आणलेली मातीची जोडी जपून ठेवली होती, उंची ११ सेंमी. मरिया आणि योसेफ १८ सेंमीचे आहेत, प्रमाण बसले. बैलांची झूल आणि शिंगांचा रंग तसाच ठेवला. मेंढ्यांच्या अंगावर सरकी काढलेला कापूस खळीने लावला.

गव्हाणीत सोयाबीनचे भुसकट घालून पाहिले, पण शेंगांची टोके टोचरी आणि रंग मळकट. ते काढून कडब्याची पाने हाताने चिरून घातली. गव्हाण २४ तारखेच्या रात्रीपर्यंत रिकामी राहील. मागी, म्हणजे बाळाला भेटायला पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक, आत्ता ठेवायचे नाहीत, ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीच्या कट्ट्यावर. रोज थोडे पुढे सरकत ६ जानेवारीला पोचतील.

शुक्रवार, १९ डिसेंबर

भेटींची बांधणी सुरू. आधी चौकोनी खोकी, म्हणजे हात बसतो.

कागदाचे माप काढायची रीत. लांबी: रुंदी अधिक उंची, त्याची दुप्पट, आणि चढवायला ३ सेंमी. रुंदी: खोक्याची लांबी अधिक उंचीची दीडपट. ३० बाय २० बाय १० सेंमीच्या खोक्याला ६३ बाय ४५ सेंमीचा तुकडा लागतो. टोकांना कागद जास्त सोडला की घडी जाड होते आणि कोपरा फुगतो. टोकाची घडी नीट यायची तर उंचीच्या पाऊणपट कागद पुरे.

जोड खोक्याच्या मधोमध न आणता तळाच्या काठावर आणावा, तिथे तो दिसत नाही. खाकी कागदावर साधी सेलोटेप या कोरड्या, धुळकट हवेत दोन दिवसांत सुटते. दुहेरी चिकटपट्टी घडीच्या आत लावली. प्रत्येक कडेवरून नखाने एकदा दाब द्यावा, या एका गोष्टीने बांधणी दुकानातल्यासारखी दिसते.

चमकीचा कागद घेतला नाही. तो घडी धरत नाही आणि एकदा उघडला की कचऱ्यात जातो. खाकी कागदावर पऱ्हाटीची डहाळी आणि एक उमललेले बोंड सुतळीत खोचले. सुतळीचे माप: दोनदा लांबी, दोनदा रुंदी, चारदा उंची, आणि गाठीला ५० सेंमी. वरच्या खोक्याला १ मीटर ९० सेंमी.

शनिवार, २० डिसेंबर

कपड्यांच्या भेटी कापडातच बांधल्या. शिदोरीचे गाठोडे बांधतो तीच गाठ, फक्त कापड चांगले. चौकोनी कापडाचा कर्ण वस्तूच्या लांबीच्या तिप्पट असावा. दोन समोरासमोरचे कोपरे वस्तूवर घेऊन खोचायचे, उरलेल्या दोघांची दुहेरी गाठ. गाठ उलटसुलट पडली तर ती आडवी न बसता उभी राहते आणि सुटते. पहिला वेढा उजवे डाव्यावर, दुसरा डावे उजव्यावर.

हिमरूचे (तिथल्या नक्षीदार विणीच्या कापडाचे) तुकडे संभाजीनगरहून आणून ठेवले होते. हिमरूच्या मागच्या बाजूला नक्षीचे जादा धागे मोकळे असतात, कापले की ते सुटू लागतात. चारही कडा आधी दुमडून शिवल्या, मग बांधले. न शिवलेल्या एका तुकड्याची कड गाठ आवळताच बोटभर उसवली.

मंगळवार, २३ डिसेंबर

फराळाचे डबे. करंज्या, शंकरपाळे, चिवडा, अनारसे. सगळे तळून किमान चार तास उघड्यावर गार केलेले. कोमट करंजी डब्यात भरली की वाफ झाकणाला धरते आणि रात्रीत करंजी मऊ पडते. चिवडा वेगळ्या पिशवीत, नाहीतर लसणाचा वास अनारशांना लागतो.

स्टीलचा गोल डबा बांधणे हे सगळ्यात किचकट काम. व्यास १८, उंची १२ सेंमी. घेर ५६.५ सेंमी, म्हणून कागद ५९.५ लांब. रुंदी उंची अधिक व्यास अधिक एक, म्हणजे ३१ सेंमी. कागद डब्याभोवती चिकटवून वरचा उरलेला भाग चुण्या घालत मध्याकडे न्यायचा, निरीच्या चुण्यांसारख्या, एकीवर एक. ३ सेंमीची चुणी धरली तर १९ येतात. घाई करून चुण्या मोठ्या घेतल्या की मधे डोंगर होतो. मध्यावर बांगडीएवढी कागदी चकती, तिच्यावर नाव. डब्याखाली बटर पेपर ठेवला, कारण डबा कितीही पुसला तरी तळाच्या खोबणीत तुपाचा ओशटपणा राहतो आणि खाकी कागदावर डाग उमटतो.

शेजारच्या घरांना डबे नाहीत, ताटे जातात. ताटावर विणलेला रुमाल, रुमालाच्या चार कोपऱ्यांना एकेक घुंगरू. वाऱ्याने उडत नाही.

बुधवार, २४ डिसेंबर

उपासनेहून आल्यावर बाळ गव्हाणीत ठेवले. कडबा थोडा बाजूला सारून आधी कापसाचा पातळ थर. चक्रातली पांढरी मेणबत्ती पेटवली, झाडापासून सहा फुटांवर. चांदणी पंचविसाव्या रात्री अजून ताठ आहे.

मंगळवार, ६ जानेवारी

मागी गव्हाणीशी पोचले. संध्याकाळनंतर आवराआवर.

पऱ्हाटीचे झाड साठवायचे नाही. बोंडे तोडून कापूस आणि सरकी वेगळी केली, काड्या त्याच दिवशी बंबात घातल्या. परभणीचे कृषी विद्यापीठ फरदड (वेचणीनंतर तेच पीक पुढे राखून घेतलेला कापूस) घेऊ नका, पऱ्हाट्या शेतात-बांधावर ठेवू नका असे सांगते ते याच अळीसाठी. घरातली चार झाडे अंगणात रचून ठेवली तरी पुढच्या हंगामाला तीच अळी परत येते.

चांदणीचा कागद उतरवला, सांगाडा कोरड्या फडक्याने पुसून भिंतीला सपाट टांगला. उभा टेकवून ठेवला तर टोके वाकतात. कुडाच्या भिंती सुतळी न सोडता वर्तमानपत्रात गुंडाळल्या, मध्ये कडुनिंबाचा पाला. गव्हाण वेगळी, भुशाने भरलेल्या खोक्यात. तिचा पुढचा काठ एका जागी उडाला आहे, तो नोव्हेंबरात ओल्या मातीने भरायचा. खाकी कागद आणि हिमरूचे तुकडे परत आले तसे इस्त्री करून पाटाखाली ठेवले: कागद ९, कापडे ६.